दारू सोडायचीय? आधी शरीराला विचारा

माझ्या दादाला आयुष्यातली पहिली आकडी आली ती दारू सोडल्यावर. पीत होता तेव्हा नाही, सोडल्यावर.

गटारीला तो मनसोक्त प्यायला, रात्री वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. लालबागच्या आमच्या चाळीत हे दरवर्षीचंच. अर्धा मजला श्रावण पाळतो. आधीच्या वर्षांत दादाचं घामावर, चिडचिडीवर आणि दोन-तीन जागरणांवर निभावलं होतं. त्या वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताघासता तो मोरीत ताठ झाला. शेवटच्या घोटाला तीसेक तास होऊन गेले होते. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला. आणि मी, घरातली शिकलेली, त्याच्या दातांत चमचा घातला. पुढचा एक दात अर्धा तुटला. तो आजही हसला की मला तो चमचा दिसतो.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावून संध्याकाळी घरी पाठवलं. पुढच्या रात्री दादा भिंतीवरच्या मुंग्या पुसत बसला. मुंग्या नव्हत्याच. मग तो प्रिंटिंग प्रेसमध्ये उभा असल्यासारखा ओरडायला लागला, ‘शीट उलटी लागलीय, मशीन थांबव!’ शेजारच्या काकू अंगारा घेऊन आल्या. आम्ही मात्र या वेळी टॅक्सी केली आणि मोठ्या हॉस्पिटलात गेलो, म्हणून तो वाचला.

मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून पिणाऱ्यांच्या घरच्यांबरोबर बसते, त्यांच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभी राहते. प्रत्येक घरात पहिलं वाक्य तेच असतं, ‘त्याने मन घट्ट करायला पाहिजे.’ दादाचं मन त्या दिवशी चांगलं घट्ट होतं, आणि त्याच घट्टपणापायी तो मरणार होता. म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी शरीर, मग सवय लागलेला मेंदू, आणि मन त्यानंतर. बहुतेक मजकूर दारूबद्दल आहे, बाकीच्या व्यसनांचं शेवटी थोडक्यात.

पहिलं काम: हिशोब

सोडायची तारीख ठरवण्याआधी सात दिवस फक्त लिहून काढा. काय प्यायलं, किती, किती वाजता, आणि सकाळी उठल्यावर हात कसे होते.

मोजमाप असं. ३० मिलिचा एक छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलिची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्के स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली म्हणजे जवळपास चार पेग. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात.

लिव्हर तासाला साधारण एका छोट्या पेगाएवढंच अल्कोहोल निकाली काढतं. लिंबूपाणी, अंघोळ, काळी कॉफी यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर रक्त रिकामं व्हायला पहाटेचे पाच-सहा वाजतात. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी का थरथरतात आणि पहिल्या घोटानंतर का थांबतात, याचं उत्तर इथे आहे. लोक त्याला हँगओव्हर म्हणतात. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत तो बहुतेकदा हँगओव्हर नसतो, रोजचं छोटं विड्रॉवल असतं, म्हणजे दारू तुटल्यावर होणारी शरीराची तडफड.

हिशोबाच्या कागदावर आणखी चार गोष्टी लिहा. पूर्वी कधी आकडी आली होती का? सोडल्यावर कधी भास झाले होते का? झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? डायबेटिस, बीपी, कावीळ, डोक्याला मार, यांपैकी काही आहे का? हा कागद सांभाळून ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी सोडायची की हॉस्पिटलात

मेंदूत सतत रस्सीखेच चालू असते. एका बाजूला शांत करणारं रसायन, गाबा. दुसऱ्या बाजूला चेतवणारं, ग्लुटामेट. दारू गाबाच्या बाजूने दोरी ओढते, म्हणून दोन पेगनंतर सैल वाटतं. रोज, वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूला माणसं वाढवत जातो. आणि एक दिवस श्रावण लागतो. दारू दोरी सोडून देते, समोरची फौज मात्र पूर्ण ताकदीने ओढतच असते. कंप, घाम, धडधड, आकडी, भास ही सगळी त्या कोसळण्याची रूपं आहेत.

याला वेळापत्रक आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, मळमळ, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो. आकडी बहुधा ६ ते ४८ तासांत येते. सगळ्यात धोक्याची अवस्था ४८ ते ९६ तासांत येते. माणसाला दिवस-रात्र कळत नाही, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी पळते. तिला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘डीटी’. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. घरचे बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सुटकेचा श्वास टाकतात आणि तिसऱ्या रात्री गाफील असतात.

यापैकी काहीही असेल तर घरी सोडायचा विचारही करू नका: पूर्वीची आकडी किंवा भास, सकाळी उठल्याउठल्या प्यावं लागणं, रोज क्वार्टर किंवा जास्त, झोपेच्या गोळ्यांची जोड, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, लिव्हर वा हृदयाचा आजार, घरात लक्ष ठेवायला कुणी नसणं. डॉक्टरांची भेट होईपर्यंत एकदम बंद करू नका. हे वाक्य घरच्यांना फार खटकतं, ‘म्हणजे आम्हीच पाजायची?’ तसं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी गाठायची.

आणि हा दरवर्षीचा श्रावण. एकदम बंद, मग पुन्हा सुरू, मग नवरात्रात बंद, मार्गशीर्षात बंद. अशा प्रत्येक फेरीत मेंदू पुढच्या वेळी अधिक लवकर पेट घेतो. इंग्रजीत त्याला ‘किंडलिंग’ म्हणतात, म्हणजे चुलीत काटक्या रचून ठेवणं. दादाचं इतकी वर्षं निभावलं आणि त्याच वर्षी का नाही, हे मला फार उशिरा कळलं. श्रावण पाळण्याला माझा विरोध नाही. रोज पिणाऱ्याने तो आषाढातच डॉक्टरांना भेटून पाळावा, एवढंच.

आकडी आलीच तर: आजूबाजूचं सामान हटवा, माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका. पाणी, कांदा, चप्पल, चमचा, काहीही नाही. हातपाय दाबून धरू नका. दारू सोडणाऱ्याला आलेली पहिली आकडी असेल तर थांबली तरी हॉस्पिटल. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर एक क्षणही दवडू नका. १०८ ला फोन करा. चाळीच्या जिन्यावरून स्ट्रेचर उतरत नाही हे आधीच ठाऊक असेल तर दोन धडधाकट शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ओपीडीत काय सांगायचं

केईएम, सायन, नायर, जेजे या मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि व्यसनाचे उपचार तिथेच होतात. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, गर्दी धरून चाला. कर्जतहून किंवा विरारहून येणार असाल तर त्या दिवसाची रजा टाकलेलीच बरी. आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि तो हिशोबाचा कागद सोबत घ्या.

डॉक्टरांसमोर बहुतेक पुरुष अर्धंच सांगतात. ‘घेतो कधीतरी, एखादी नाइन्टी.’ शेजारी बायको गप्प. इथली लाज महागात पडते, कारण विड्रॉवलच्या औषधाचा डोस पिण्याच्या प्रमाणावर ठरतो. अर्धं सांगितलं तर डोसही अर्धा मिळतो आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या येतात.

पहिले काही दिवस डॉक्टर सहसा गाबाच्या बाजूने दोरी धरणारी औषधं देतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. ही आधी पुरेशी देऊन मग दर दिवशी कमी करत पाच-दहा दिवसांत बंद केली जातात. ती मनाने पुढे चालू ठेवायची नाहीत, शेजाऱ्याची आणून घ्यायची नाहीत आणि वर दारू तर मुळीच नाही. दोन्ही एकाच बाजूला ओढतात, त्यात श्वास थांबू शकतो. गोळ्या घरच्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.

दुसरं औषध स्वस्त आणि साधं म्हणून दुर्लक्षित राहतं: थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. पिणारा माणूस नीट जेवत नाही, आणि जे जेवतो त्यातलं थायमिन दारू आतड्यातून शोषू देत नाही. ग्लुकोज जाळायला मेंदूला थायमिन लागतं. म्हणून रिकाम्या साठ्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गोंधळलेपण, तोल जाणं, डोळ्यांची विचित्र हालचाल ही त्याची खूण, आणि त्यातून स्मरणशक्ती जाते ती पुष्कळदा परत येत नाही. आपल्याकडे ‘डॉक्टर, एक बाटली लावून टाका’ असं हक्काने म्हणायची पद्धत आहे. त्याऐवजी विचारा, ‘आधी थायमिनचं इंजेक्शन दिलंत का?’ दादाच्या पहिल्या दवाखान्यात हे विचारायला आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

तपासण्यांत लिव्हर फंक्शन, सीबीसी, साखर, क्षार आणि बहुधा सोनोग्राफी. ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा आला तर घाबरण्यापेक्षा आनंद माना. नुसती चरबी असेल तर दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरते. सिरोसिसची, म्हणजे लिव्हर निबर होऊन बसण्याची, गोष्ट वेगळी.

पहिला पंधरवडा: झोप, पोट, पाय

झोप येणार नाही, हे आधीच मान्य करा. दारू झोप लवकर आणते पण स्वप्नांची झोप दाबून ठेवते. बंद केल्यावर ती सगळी थकबाकी वसूल होते. रात्रभर स्वप्नं, आणि त्यांतली निम्मी दारू पीत असल्याची. माणूस दचकून उठतो, तोंडात चव असते, वाटतं आपण प्यायलो. दादा एकदा पहाटे तीनला वहिनीला उठवून तोंडाचा वास घ्यायला लावत होता. ही स्वप्नं मेंदू सावरत असल्याचीच खूण. नीट झोप बसायला आठवडे, कधी काही महिने लागतात.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, बाहेर गॅलरीत गप्पा, समोरच्या घरात टीव्ही. अशा ठिकाणी ‘अंधारी, शांत खोली’ हा सल्ला हास्यास्पद आहे. जे जमतं ते असं. उठायची वेळ एकच ठेवा, रात्री डोळा लागला असो वा नसो. सकाळी वीस मिनिटं उन्हात काढा, गच्चीवर किंवा खाली नाक्यावर. दुपारी चारनंतर कटिंग बंद. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळू नका, उठून गॅलरीत बसा. रात्रपाळी असेल तर एखादा महिना दिवसपाळी मागून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी लागली तर तीही घ्या.

पोटाचं सोपं आहे. पहिले तीन-चार दिवस पेज, मऊ भात, वरण, ताक, केळं. मग अंडी, मासे, उसळी, भाकरी. दर तीन तासांनी थोडं तरी पोटात पडायला हवं, कारण रिकाम्या पोटाची कासाविशी आणि दारूची तलफ मेंदूला वेगळी कळत नाही. गोड खावंसं वाटेल. खाऊ द्या, डायबेटिस नसेल तर. खिशात शेंगदाण्याची चिक्की असू दे.

राहिले पाय. ताणाची यंत्रणा वर्षानुवर्षं दारूच्या आधाराने चाललेली असते, सोडल्यावर ती काही आठवडे विनाकारण भोंगा वाजवत राहते. छाती धडधडते, कुणी मोठ्याने बोललं तरी अंगावर काटा येतो. यावर बोलण्याचा उपयोग कमी, शरीराचा जास्त. रोज अर्धा तास चालणं. आणि श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा-आठ मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचा वेग उतरतो, हे मनगटावर बोट ठेवून स्वतः तपासता येतं. वांद्र्याची कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्तीची संस्था फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केली. ते योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, आणि तिथल्या उपचारात पहिल्यापासून योगासनं आहेत. मला आधी ते भाबडं वाटायचं. आता नाही वाटत.

तलफ रस्त्यावर राहते

आता मेंदूची दुसरी बाजू. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी कधी उसळतात ते मोजलं. रस मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, रस मिळताना जवळजवळ गप्प. डोपामिन म्हणजे मजा नव्हे, ‘आता मिळणार’ अशी वर्दी. म्हणूनच व्यसनी माणूस म्हणतो, ‘मजा कधीच गेली, तरी पाय वळतात.’ तो खरंच सांगत असतो.

मुंबईत असे दिवे पावलोपावली आहेत. दादा अंधेरीच्या प्रेसमधून सुटला की स्लो लोकलने लोअर परळला उतरायचा आणि करी रोडच्या पुलावरून लालबागला चालत यायचा. वाटेत बार. त्याच्या सांगण्यावरून मी त्याचा रस्ता कागदावर काढला. तलफ बारच्या दारात सुरू होत नव्हती. ती सुरू व्हायची दादर सुटल्यावर, दाराशी उभं राहायची वेळ आली की.

व्हिएतनाम युद्धात सुमारे पाचांतला एक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. हे सैनिक परतल्यावर ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा माग ठेवला. बहुतेक जण घरी आल्यावर त्या व्यसनाकडे वळलेच नाहीत, आणि याचं एक कारण असं सांगतात की ज्या जागांनी आणि माणसांनी तलफ जागी व्हायची ते सगळं मागे राहिलं होतं. आपल्याला मुंबई सोडता येत नाही. स्टेशन मात्र बदलता येतं. दादा आता एक स्टेशन आधी प्रभादेवीला उतरतो, पूल ओलांडून परळला, तिथून केईएमवरून घरी. दहा मिनिटं जास्त चालावं लागतं.

तुमचा स्वतःचा नकाशा काढा. वेळ, जागा, माणूस, पैसे, पदार्थ. पगाराचा दिवस असेल तर पगार बायकोच्या खात्यात किंवा त्या संध्याकाळी सोबत कुणीतरी. रविवारचं मटण हा आमच्या घरातला मोठा सापळा होता. मटण शिजायचं दोनला, जेवण व्हायचं चारला, आणि मधले दोन तास क्वार्टर. वहिनीने उपाय केला तो साधा: मटण एक वाजता ताटात. चकण्याचे पदार्थ वर्षभर घरात आणले नाहीत. हळदी आणि विसर्जनाला पहिलं वर्ष गैरहजर राहायचं, लोक रुसले तर रुसू देत.

तलफ आली की ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. अंधेरी ते परळ एवढाच तिचा प्रवास. तेवढा वेळ काढायचा आहे, आयुष्यभराचा विचार करायचा नाही. क्रम असा ठेवा: काहीतरी खा, पाणी प्या, जागा सोडा, कुणाला तरी फोन करा. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं काय आहे ते बोट मोडून विचारा. दहापैकी आठ वेळा भूक किंवा थकवाच निघतो, असा आपला माझा अनुभव.

‘रोग्याला न सांगता दारू सोडवा’

लोकलच्या डब्यात ही चिकटवलेली जाहिरात तुम्ही पाहिली असेल. पुडी, जेवणात मिसळा, चवही कळणार नाही. घरोघरच्या बायका हताश होऊन ती घेतात, त्यांना मी दोष देत नाही. पण पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं.

डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते अल्कोहोलच्या पचनात मध्येच अडसर घालतं. वर दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, बीपी पडतं, क्वचित माणूस मरतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून ते ज्याला घ्यायचं आहे त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि हृदय-लिव्हर तपासूनच देतात. न सांगता दिलं तर माणूस नेहमीसारखा बारमध्ये जाणार आणि तिथेच कोसळणार.

उघडपणे घ्यायची इतर औषधं आहेत आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचतात. नालट्रेक्सोन दारूतून मिळणारी किक बोथट करतं. ते सुरू करण्याआधी लिव्हर तपासतात आणि अफूजन्य वेदनाशामकं चालू नाहीत याची खात्री करतात. अकॅम्प्रोसेट बंद केल्यानंतरची आतली खळबळ शमवतं. ते दिवसातून तीनदा घ्यायचं, किडनी ठीक असावी लागते. लिव्हर बिघडलेल्यांना कधी बॅक्लोफेन देतात. ही काही महिने, पुष्कळदा वर्षभर चालतात. ‘गोळ्यांची सवय लागेल’ ही भीती नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेटबाबत निराधार आहे. बीपीची गोळी घेताना आपण हे विचारतो का?

उदासी कुणाची?

सोडल्यावर पहिल्या महिन्यात बहुतेकांना रिकामं, करडं वाटतं. जेवण बेचव, मुलांच्या गमतीही लांबून चालल्यासारख्या. डोपामिनची यंत्रणा सुस्तावलेली असते, तिला वेळ लागतो. दारूमुळे आलेली उदासी साधारण तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते. त्यानंतरही राहिली, किंवा दारूच्या आधीपासून होती, तर तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे करावे लागतात. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकू नका. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. त्यांची कमतरताही उदासीसारखीच दिसते.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. मरणाचे विचार बोलून दाखवले, निरवानिरवीची भाषा आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

तंबाखू, गर्द, एमडी

तंबाखूत आकडीचा धोका नाही, त्यामुळे ती घरी सोडता येते. निकोटिनचा असर दोनेक तासांत निम्मा होतो, म्हणून मळलेली चिमूट तासा-दोन तासांनी हाक मारते. निकोटिनच्या च्युइंगमची गोळी चघळायची पद्धत चुकते तिथे सगळं बिघडतं. थोडी चावा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, मग पुन्हा. चहा पिताना किंवा लगेच नंतर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, पंधरा मिनिटं अंतर ठेवा. मशेरी लावणाऱ्या आज्या आणि मावश्या ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मोफत क्विटलाइन: १८००-११-२३५६.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर सोडताना जी अंगदुखी, जुलाब, तळमळ होते तिला वापरणारे ‘टर्की’ म्हणतात. ती भयंकर असते, पण सहसा जीव घेत नाही. जीव जातो नंतर. महिनाभर बंद ठेवलं की शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. व्यसनमुक्ती सेंटरमधून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात घातक. ब्युप्रेनॉर्फिनसारखं पर्यायी औषध घेणं म्हणजे ‘एक नशा सोडून दुसरी’ नव्हे, त्याने माणसं जगतात. पोलिसांच्या भीतीने कुणी थांबत असेल तर सांगा, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे.

एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, असं पर्यायी औषध नाही. बंद केल्यावर मुलगा दोन-तीन दिवस नुसता झोपतो, मग खोल उदासीत जातो. झोपू द्या, खाऊ घाला, पण एकटं सोडू नका.

सेंटर निवडताना, आणि घसरलं तर

भरती करायची वेळ आली तर जागा आधी स्वतः बघून या. मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? पहिल्या आठवड्यात रात्री नर्स असते का? घरच्यांना भेटू देतात का? दार बाहेरून कुलूपबंद, मारहाणीच्या कुजबुजी, ‘सहा महिने भेटायचं नाही’ अशी अट दिसली तर परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनोविकार येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधणं त्यात सरळ निषिद्ध आहे. मुंबईतली पुष्कळ कुटुंबं पुण्याच्या मुक्तांगणला जातात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. बाहेर पडल्यावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठी मीटिंगा आहेत आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन. तिथे बसून काही होत नाही असं वाटत असेल तर सहा वेळा जाऊन मग ठरवा.

आणि घसरण. दादा तिसऱ्या वर्षी विसर्जनाला घसरला. चार दिवस प्यायला. वहिनीने या वेळी भांडण केलं नाही, शपथही घ्यायला लावली नाही. कालनिर्णयवर त्या चार दिवसांच्या चौकोनांत तिने बारीक अक्षरात किती आणि किती वाजता ते लिहिलं. पाचव्या दिवशी सकाळी आठला दोघं तोच कागद घेऊन ओपीडीत होती. डॉक्टरांनी आधीच्या आकडीची नोंद बघितली, भरती करून घेतलं, थायमिन दिलं, पाच दिवसांत घरी सोडलं. ना आकडी, ना मुंग्या.

मी लग्नानंतर डोंबिवलीला राहते. संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला फोन वाजतो. मागे दादर सुटल्याची अनाउन्समेंट, माणसांचा रेटा. आम्ही काही विशेष बोलत नाही, भाजी काय केलीस, पाऊस आहे का तिकडे. मग तो म्हणतो, ‘उतरलो गं प्रभादेवीला,’ आणि फोन ठेवतो.